मागणाऱ्याचे हात

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याच्या रस्त्याने निघाले की शेंद्र्याची औद्योगिक वसाहत लागते. तेथील कारखान्यांच्या कचेऱ्यांत माझ्या भाचीची सतत ये-जा असते. ऊसतोड कामगारांच्या मुलींसाठी वसतिगृह चालवणाऱ्या एका संस्थेत निधिसंकलनाचे कार्यक्रम आखणे ही तिची नोकरी. अधिकाऱ्यांना भेटणे, सभागृह ठरवणे, निमंत्रणे धाडणे आणि शेवटी पावत्या व हिशेब. घरच्या समारंभात कोणीतरी तिला विचारतेच, "सेवेच्या कामाचा पगार घेतेस?"

या प्रश्नाचे उत्तर मला कठीण वाटत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यान्वये ठरावीक मर्यादेपुढील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातील किमान २ टक्के रक्कम समाजकार्यासाठी खर्चावी लागते. २०१४ पासून हा नियम लागू आहे. ती रक्कम योग्य ठिकाणी पोहोचवणे हे कष्टाचे काम आहे, आणि कष्टणाऱ्याला मोबदला मिळावा असे प्रभूनेच शिष्यांना पाठवताना सांगितले. संत पौलाने यरुशलेमच्या गरीब बांधवांसाठी वर्गणी जमवली, तेव्हा त्या पैशाविषयी कोणी बोट दाखवू नये म्हणून ख्रिस्तसभांनी निवडलेला सोबतीही बरोबर धाडला. करिंथकरांस लिहिलेल्या त्याच्या दुसऱ्या पत्रात हे आले आहे. तेव्हा मागण्यात कमीपणा नाही. हिशेब मात्र चोख हवा.

भाचीला खरा पेच पडला तो निराळाच. एका कार्यक्रमाआधी सूचना आली, की वसतिगृहातील एका मुलीने व्यासपीठावर यावे आणि वडील कसे गेले, आई कोयता घेऊन कशी राबते, ते सांगावे. डोळे पाणावले की हात खिशाकडे वळतात. त्यात खोटे काही नव्हते. पैसाही मुलींच्याच ताटात जाणार होता. भाचीने मला विचारले, "मामा, मग माझे मन का घेत नाही?"

मला पंडिता रमाबाईंची आठवण झाली. त्यांनीही अमेरिकेत गावोगाव व्याख्याने देऊन श्रोत्यांची मने हेलावली होती. १८८७ साली बॉस्टनमध्ये त्यांच्या साहाय्यासाठी मंडळ स्थापन झाले आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. विधवांचे दुःख त्या सांगत होत्या, आणि त्या स्वतः विधवा होत्या. परंतु काय सांगावे आणि काय झाकून ठेवावे, हे त्यांचे त्यांनी ठरवले होते. वसतिगृहातील मुलीला ती मोकळीक कोठे? तिचे उद्याचे जेवण विचारणाऱ्याच्याच हाती आहे. जिला 'नाही' म्हणता येत नाही, तिच्या 'हो'ला संमती कसे म्हणावे?

भाचीने मुलीला व्यासपीठावर आणले नाही. तिने स्वतः उभे राहून एका मुलीच्या वर्षभराच्या शिक्षणाचा व निवासाचा खर्च वाचून दाखवला. निधी अपेक्षेहून कमी जमला. त्या वर्षी दोन मुलींना प्रवेश देता आला नाही. "त्या दोघींना मी काय सांगू?" हा तिचा प्रश्न आजही तसाच आहे, आणि माझ्यापाशी त्याचे सोपे उत्तर नाही. तिने एकीचा मान राखला. त्याची किंमत मात्र भलत्याच दोघींनी मोजली.

पण वाचकहो, ती किंमत खरोखर कोणामुळे द्यावी लागली? आकडे ऐकून ज्यांचे मन हलले नाही, ज्यांना देण्यासाठी लेकराचे अश्रू पाहणे आवश्यक वाटले, त्यांच्यामुळे. म्हणजे आपणासारख्यांमुळेच. आपल्या धर्मग्रामातही वह्यावाटप होते, तेव्हा छायाचित्रासाठी आपण मुलांना रांगेत उभे करतो. उजव्या हाताचे दान डाव्या हाताला कळू नये, ही शिकवण आपण देणाऱ्यापुरतीच मानली. घेणाऱ्याच्या दुःखालाही आडोसा लागतो. तो आडोसा राखूनही आपली ओंजळ भरलेली राहिली, तर माझ्या भाचीसारख्यांना असली निवड करावी लागणार नाही.