सतरंजीचा काठ



कार्तिकात अकोटला गेलो होतो. नरसिंग महाराजांचे दर्शन घेतले आणि बसस्टँडकडे निघालो. कापसाचे दिवस. रस्त्याच्या कडेला कापसाने शीग भरलेली एक ट्रॉली उभी होती. वाऱ्याने कापूस उडू नये म्हणून मालकाने वरून जुन्या साड्या, पोती, जे हाती लागले ते बांधले होते. त्यात एक सतरंजी होती. निळे आणि तांबडे पट्टे, मधून एक पांढरी रेघ, टोकांना सुताच्या गाठी. एका कोपऱ्याला उंदराने कुरतडलेली. मी तिथेच थांबलो. मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याने हॉर्न वाजवला, तरी पाय हलेना.

तुमच्याही बाबतीत असे झाले असेल. कोणाला लग्नघरच्या कोपऱ्यात पडलेला पितळी गुंड दिसतो, कोणाला एखाद्या वाड्याच्या खुंटीला टांगलेला कंदील. आमच्या भागातल्या पुष्कळांना तर रुळाजवळ उभे राहिले तरी पुरते. अकोल्याहून अकोटवरून खंडव्याला जाणारी जुनी मीटरगेजची गाडी 2017 च्या आरंभी बंद झाली. 2022 साली अकोला ते अकोट मोठ्या रुळांवरची गाडी सुरू झाली, पण म्हाताऱ्या माणसांच्या कानांत शिटी वाजते ती जुनीच. आपण आठवणीला बोलावलेले नसते. ती वाटेत उभी असते आणि आपला हात धरते.

मला त्या सतरंजीने थेट बाराव्या वर्षात नेले. अकोटच्या सतरंज्या एके काळी साऱ्या वऱ्हाडात नावाजलेल्या. आमचे गाव तिथून दोन कोसांवर. रोज दिवेलागणीला मंदिरात हरिपाठ होई आणि सतरंज्या अंथरण्याचे काम माझ्याकडे होते. माडीवरून त्या खांद्यावर घेऊन उतरायचे, ओट्यावर झटकायच्या, मग देवापासून दारापर्यंत एकही सुरकुती न ठेवता पसरायच्या. सुताचा आणि समईच्या तेलाचा एक मिळून वास येई. मृदंगावर थाप पडली की त्या सतरंजीवर बसलेले सगळे गाव एकच अंग असल्यासारखे डोलत असे. त्या रस्त्यात उभ्या उभ्या माझे डोळे भरून आले.

बसमध्ये बसल्यावर मात्र मनात प्रश्न आला, आणि तोच तुमच्यापुढे ठेवावा म्हणून हे लिहितो आहे. आपण वारकरी. मुखी नाम धरावे, मायेत गुंतू नये, असे रोज कीर्तनात ऐकतो. मग जुन्या दिवसांसाठी असे विरघळणे हा भक्तीचा ओलावा म्हणायचा की मोह? पतंजलींनी स्मृतीला चित्ताच्या पाच वृत्तींत मोजले आहे, आणि वृत्ती आवरणे हाच त्यांच्या मते योग. त्या हिशेबाने माझे पाणावलेले डोळे म्हणजे साधनेतली गळतीच.

पण दुसऱ्या बाजूला गीता आहे. दुसऱ्या अध्यायात भगवंत सांगतात की स्मृती ढळली की बुद्धी नासते. आणि शेवटी, अठराव्या अध्यायात, अर्जुन काय म्हणतो? माझा मोह गेला आणि मला स्मृती परत मिळाली. म्हणजे मोह आणि स्मृती एका घरात राहत नाहीत. एक आली की दुसऱ्याने जावे लागते. तिथे अर्जुनाला आठवते ते त्याचे खरे स्वरूप, हे मला मान्य आहे. तरी माझ्यासारख्या साध्या माणसालाही त्यातून एक कसोटी मिळते. जी आठवण सत्य लपवते तिला मोह म्हणावे. जी सत्य उघडे करते तिला स्मृती म्हणावे.

ही कसोटी मी माझ्या सतरंजीला लावून पाहिली, आणि घरी पोचेपर्यंत बेचैन झालो. कारण ती गोष्ट मी मुलानातवंडांना वर्षानुवर्षे सांगत आलो आहे, पण अर्धीच.

उरलेली अर्धी अशी. मंदिरातली ती निळी-तांबडी सतरंजी आमच्याच गावच्या एका विणकराने स्वतःच्या हाताने विणून आषाढीला देवाला दिली होती. पैसे घेतले नाहीत. ती पहिल्यांदा अंथरली त्या रात्री तो कीर्तनाला आला. त्याच्या वस्तीतल्या माणसांनी कुठे बसायचे हे त्या काळी गावात ठरलेले होते. तो दाराशी आला, सतरंजीचा काठ हाताने थोडा आत दुमडला आणि उघड्या फरशीवर बसला. आपण विणलेल्या वस्तूला आपलाच स्पर्श होऊ नये म्हणून दुमडला. मी त्याला आत बसा म्हणायला उठलो. एका वडीलधाऱ्याने माझ्याकडे नुसते पाहिले. मी खाली बसलो.

साने गुरुजींनी मे 1947 मध्ये दहा दिवस उपोषण केले आणि पंढरीच्या मंदिराचे दार सर्वांसाठी उघडले, त्याला तेव्हा पंधरा-वीस वर्षे झाली होती. ज्या चोखोबांची समाधी महाद्वारापाशी आहे, ज्यांना आपण बुलढाण्याच्या मेहुणा राजाचे म्हणून अभिमानाने आपले म्हणतो, त्यांच्याच नावाचा गजर त्या रात्री कीर्तनात झाला होता. तो गजर करणाऱ्यांत मीही होतो.

न्यायसूत्रांत आठवण जागी होण्याची वीसहून अधिक कारणे दिली आहेत. सारखेपणा, सहवास, वियोग, सुख, दुःख, भय अशी ती यादी आहे आणि तिच्या शेवटी धर्म आणि अधर्म हीही कारणे सांगितली आहेत. मला वाटत होते की पट्ट्यांच्या सारखेपणामुळे मला बालपण आठवले. आता वाटते, यादीतले शेवटचे कारणही आपले काम करत होते.

मग मी त्या विणकराच्या घरी गेलो. तो जाऊन पुष्कळ वर्षे झाली होती. घरात सून होती. माग केव्हाच मोडला होता. तिने मला बसायला प्लास्टिकची चटई अंथरली, कारण सतरंज्या विणणाऱ्याच्या घरात आता एकही सतरंजी उरली नव्हती. "बसा नं बाबाजी," म्हणाली आणि चहा ठेवला. मी सगळे सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आमचे मामाजी तुमच्या देवळातल्या सतरंजीचं लय सांगत जी. पन काठाले बसल्याचं कधी बोलले नाही."

तो विसरला होता की गिळून बसला होता, हे आता कोण सांगणार? क्षमा मागायला मी साठ वर्षे उशिरा पोचलो होतो. ज्याच्याकडे मागायची तो नव्हता, आणि त्याच्या वतीने सुनेकडून वसूल करावी असा माझा हक्क नव्हता. मी चहा घेतला, नमस्कार केला आणि परत आलो. मन हलके झाले असे म्हणणार नाही.

तेव्हा वाचक माउली, जुने काही दिसून डोळे भरले तर ते पुसण्याची घाई करू नका. तो मोह आहे म्हणून स्वतःला रागावूही नका. पण त्या आठवणीला एक प्रश्न जरूर विचारा. या चित्रात काठावर कोण होते? आपल्या तरुणपणातले सगळे गोड होते असे जेव्हा वाटते, तेव्हा कोणाच्या तरी वाट्याचे कडू आपण चित्रातून काढून टाकलेले असते. बहुधा एखादी बाई, एखादा गडी, एखादा दूरचा भाऊ. तो माणूस हयात असेल तर आजच जा. माझ्यासारखे थांबू नका.

माणूस हयात नसेल, तरी काठ शिल्लक असतोच. कापूस वेचायला मेळघाटातून कोरकू कुटुंबे आमच्याकडे उतरतात. यंदाच्या सप्ताहात त्यांतली चार-पाच माणसे संध्याकाळी मंदिराच्या दाराशी येऊन उभी राहत. आता मी पुढे विणेकऱ्याजवळ बसत नाही. दाराशी, सतरंजीच्या काठावर बसतो. कोण आत येता येता थबकले आहे ते तिथूनच दिसते. पहिल्या दिवशी मी सरकून जागा केली आणि हाताने खूण केली. एक म्हातारा आला, त्याने चप्पल काढली आणि सवयीने सतरंजीचा काठ दुमडायला हात घातला.

मी तो काठ पुन्हा सरळ केला. या वेळी माझ्याकडे कोणी पाहिले की नाही, ते मी पाहिले नाही.

राम कृष्ण हरी.