दान कोणाच्या पदरचें?

नाताळ जवळ येतो तेव्हां आमच्या अल्लीपुराकडे कापसाची वेंचणी चालू असते. कापूस विकला जातो, हातांत रोकड खेळूं लागते, आणि त्याच दिवसांत हिंगणघाटच्या दुकानांतून नवे कपडे, कागदी तारे व मिठाई घरोघर येते. उपासनामंदिरांत दानाची थैली फिरते. तींत आपण कांहीं टाकतों व समाधान मानतों. ह्या समाधानाविषयींच आम्ही आज वाचकांस एक प्रश्न विचारूं इच्छितों: आपण देतों तें खरोखर कोणाचें असतें?

ज्या बाईनें कापूस वेंचला तिची मजुरी ‘पुढच्या आठवड्यास देऊं’ म्हणून राहिली, आणि थैलींत मात्र नोट पडली, तर ती नोट आपल्या पदरची नव्हे. ती त्या बाईची आहे. याकोबानें आपल्या पत्राच्या 5 व्या अध्यायांत अडवून ठेवलेल्या मजुरीविषयीं जें लिहिलें, तें आमच्या शिवारासहि लागू आहे. तसेंच जो व्याजानें पैसे काढून सण साजरा करितो, तो आपल्या लेकरांच्या उद्यांच्या घासांतून खर्च करितो. देणें फेडणें आधीं, दान मागून. आम्ही पाळकहि थैली भरली म्हणजे संतोषतों, ती कशी भरली हें विचारीत नाहीं; हा दोष आम्ही कबूल करितों.

हा विचार आमच्याच जिल्ह्यांत एका ख्रिस्ती मनुष्यानें पुढें नेला. जे. सी. कुमारप्पा (1892–1960) हे तंजावरचे, लंडन व अमेरिकेंत शिकलेले हिशेबनीस व अर्थशास्त्री. 1934 सालीं अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, तेव्हां त्याचें चिटणीसपद पत्करून ते वर्ध्यास मगनवाडींत राहिले. पुढें तुरुंगांत असतां त्यांनीं येशूची शिकवण व आचरण ह्यांवर पुस्तक लिहिलें. त्यांच्या मतें वस्तु विकत घेणें हा केवळ पैशाचा व्यवहार नसून नीतीचें कृत्य आहे. ती वस्तु कोणास पिळून तयार झाली असेल, तर घेणाराहि त्या दोषाचा वांटेकरी होतो.

येथें कोणी म्हणेल, “तर मग नाताळांत आनंदच करूं नये काय?” तसें नाहीं. बेथानीच्या मरियेनें तीनशें दिनारांचें, म्हणजे मजुराच्या जवळजवळ वर्षाच्या कमाईचें, सुगंधी तेल प्रभूच्या चरणांस लाविलें. गरिबांचें नांव घेऊन कुरकुरणारा यहूदा होता, आणि प्रभूनें पक्ष घेतला तो मरियेचा. तेव्हां मोठा खर्च हेंच पाप नव्हे. पण तें तेल तिचें स्वतःचें होतें, व तिनें तें मिरविण्यासाठीं वापरलें नाहीं. आपल्या खर्चास व दानास हींच दोन मापें लावावीं.

अलीकडे घोंगडी देतांना छायाचित्र काढण्याची रीत पडली आहे. त्यांत देणाऱ्याची मान वर होते व घेणाऱ्याची खालीं जाते. लूकाच्या 14 व्या अध्यायांत प्रभूनें परतफेड करूं न शकणाऱ्यांस जेवणास बोलावण्यास सांगितलें. म्हणजे दारांत उभें करण्यास नव्हे, पंक्तीस घेण्यास.

म्हणून बंधुभगिनींनो, ह्या वर्षीं थैलीच्या आधीं मजुरीचा हिशेब चुकता करावा. कर्ज काढून कपडे घेऊं नयेत. जें घ्यावयाचें तें शक्यतों गांवच्या कारागिराकडून, त्याच्या श्रमाचें पुरतें मोल देऊन घ्यावें. मग उरेल ती मूठ लहान असली तरी आपली असेल. आणि गव्हाणींत निजलेल्या प्रभूस लहान मुठीची लाज वाटणार नाहीं.