स्नेलला का काढलं?

निर्णय चुकला असं कधी म्हणायचं, तो घेतानाच की त्याचं फळ दिसल्यावर? बेसबॉलवेड्या माणसाला हे विचारून पाहा, २७ ऑक्टोबर २०२० ची रात्र निघाल्याशिवाय राहत नाही.

टेक्सासमधल्या आर्लिंग्टनला वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना. टॅम्पा बे रेज एका धावेनं पुढे. त्यांचा डावखुरा पिचर ब्लेक स्नेल असा काही लयीत होता की समोरच्या डॉजर्सचे नऊ स्ट्राइकआउट झाले होते आणि वॉक एकही नव्हता. सहाव्या इनिंगमध्ये त्यानं दुसरी हिट दिली आणि मॅनेजर केविन कॅश त्याला काढायला मैदानात आला. स्नेलचे चेंडू झाले होते जेमतेम ७३. पुढचे तिघे बॅटर बेट्स, सीगर आणि टर्नर. तिघेही त्या रात्री त्याच्यासमोर दोन-दोनदा आले होते आणि सहाही वेळा स्ट्राइकआउट होऊन परतले होते.

कॅशचा हिशेब साधा होता. तेच बॅटर तिसऱ्यांदा समोर आले की पिचर महागात पडतो, हे वर्षानुवर्षांचे आकडे सांगतात. स्नेलच्या जागी निक अँडरसन आला. बेट्सनं डबल मारला, एक वाइल्ड पिच सुटला आणि बरोबरी झाली. मग सीगरच्या साध्या ग्राउंडरवर बेट्स घरी पोचला. सामना ३-१ असा गेला आणि त्याबरोबर विजेतेपदही.

मी नोकरीभर विम्याची कोष्टकं केली. आता निम्मं वर्ष न्यू जर्सीला लेकीकडे असतो. कॅशच्या त्या निर्णयाबद्दल नातू म्हणतो, "आजोबा, प्रोसेस बरोबर होती, रिझल्ट वाईट लागला." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, पोरगा न वाचता गीता बोलतोय! २००१ मध्ये बेसबॉलच्या आकडेवारीचा अभ्यासक व्होरोस मॅक्रॅकननं दाखवलं होतं की बॅटला लागून मैदानात पडलेल्या चेंडूची हिट होते की आउट, यावर पिचरचा ताबा फारच थोडा असतो. म्हणजे कर्म त्याचं, फळ नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं दिली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. त्यातल्या दैवाची किंमत दशांशात मांडणारे हे आकडेवारीवाले लोक.

पण मला दोन ठिकाणी खटकतं. एक म्हणजे, आकडेवारीनं फळ सोडलंय कुठे? एका फळावर भरवसा नको म्हणून तिनं हजारोंची बेरीज मांडली. हा ठोक व्यापार झाला, निष्काम कर्म नव्हे. दुसरं, फळाची आशा सोड असं सांगितलंय ते कर्त्याला. इथे निर्णय कॅशचा आणि चेंडू काढून घेतला स्नेलच्या हातातून. पाचातला कर्ता गेला, उरली 'तिसऱ्यांदा समोर येणाऱ्या' बॅटरांपुढच्या पिचरांची सरासरी. आमचं कोष्टक हजारांत किती जातील ते सांगायचं, कोण ते नाही. म्हणून मोठ्या रकमेच्या पॉलिसीला आम्ही डॉक्टरकडे पाठवायचो; डॉक्टर त्या एका माणसाची नाडी बघायचा. त्या रात्री स्नेलची नाडी कोणी बघितली? आणि आकडेच बघायचे तर अँडरसननं त्याआधी लागोपाठ सहा सामन्यांत धावा दिल्या होत्या. तो आकडा कोणत्या रकान्यात गेला?

स्नेलनं त्या मोसमात एकाही सामन्यात सहा इनिंग पुऱ्या केल्या नव्हत्या, हेही खरं. नातू ते लगेच काढतो. मी त्या रात्रीचा स्नेल बघ म्हटलं की तो हसतो. "आजोबा, एका रात्रीचा सॅम्पल कोणी धरतं का?"

"कुरुक्षेत्र तरी किती वेळा झालं?"

"अर्जुनाला कुठे काढलं कृष्णानं?"

"नाहीच काढलं. तो तर स्वतःच धनुष्य टाकून बसला होता, मला काढा म्हणून."