रिपोर्ट येण्याआधीचं दुखणं

आई एका मेडिकलच्या दुकानात काउंटरवर काम करते. सकाळी दहा ते रात्री आठ, उभ्याने. दिवसभर लोकांना दुखण्यावरच्या गोळ्या देते आणि घरी येऊन त्यातलीच एक स्वतः घेते. ओटीपोटात जड वाटतं, संध्याकाळी ठणका लागतो, आडवं पडलं की कमी होतं, असं ती सहा वर्षं सांगत होती. या काळात तीन डॉक्टर झाले आणि बऱ्याच सोनोग्राफ्या झाल्या. प्रत्येक वेळी उत्तर एकच, सगळं नॉर्मल आहे. एका डॉक्टरांनी तर ‘मन रमवा’ असं सांगितलं.

मी काय म्हणाले होते, तेही सांगायला हवं. मी म्हणाले, “अगं आई, पाळीत मलाही दुखतं. मी जातेच ना कॉलेजला?”

यंदा एका डॉक्टरांनी शिरांची शंका घेतली आणि पुण्यात एमआरआय करायला सांगितलं. रिपोर्टमध्ये लिहून आलं की डाव्या अंडाशयाची शीर फुगली आहे आणि तिच्यातलं रक्त वर हृदयाकडे जाण्याऐवजी खाली ओटीपोटाकडे उलटं येतंय. त्या रात्री मी आईला ‘सॉरी’ म्हटलं. ती म्हणाली, “असू दे गं.” पण मला झोप आली नाही. मी नक्की कशाबद्दल माफी मागितली होती? दुखणं सहा वर्षं तेच होतं. नवीन फक्त कागद होता.

हे यंत्र रक्ताचा वेग कसं मोजतं, ते मी नंतर वाचून काढलं. आपल्या शरीरातल्या पाण्यात हायड्रोजन असतो. यंत्र त्याच्या केंद्रकांना आधी एका दिशेने चुंबकीय धक्का देतं आणि लगेच तेवढाच उलटा. जे जागच्या जागी आहे, त्याच्यासाठी दोन्ही धक्के एकमेकांना खोडून टाकतात. जे रक्तासोबत पुढे सरकलं, त्याच्यात थोडा फरक उरतो. वेग जास्त तर फरक जास्त, आणि दिशा उलटी तर फरकही उलटा. सुई नाही, चिरफाड नाही, आणि तरी आतल्या एका शिरेत रक्त कुठे आणि किती वेगाने चाललंय ते कळतं. मला हे खरंच थोर वाटलं.

पण त्यात एक मेख आहे. जास्तीत जास्त किती वेग अपेक्षित आहे, हे यंत्राला आधीच सांगावं लागतं. धमनीत रक्त जोरात धावतं, तिथे ही मर्यादा मोठी ठेवतात. ओटीपोटातल्या शिरांत ते संथ असतं. तिथे धमनीची मर्यादा लावली, तर हळू वाहणारं रक्त गोंगाटात बुडून जातं. उलट मर्यादा फारच लहान ठेवली, तर सरळ जाणारं वेगवान रक्तही उलटं वाहताना दिसतं. म्हणजे कसं ऐकायचं हे आधी ठरतं, मग ऐकू येतं.

हे वाचताना मला माझं कॉलेजचं वाक्य आठवलं. मीसुद्धा माझ्या पाळीच्या दुखण्याची मर्यादा लावून आईचं ऐकत होते. तिचं दुखणं त्या मापात बसलं नाही, म्हणून ते मला गोंगाट वाटलं.

आणखी एक गोष्ट. एमआरआय साधारणपणे झोपवून करतात. आईचं दुखणं उभं राहिल्यावर वाढतं, कारण तेव्हा रक्त खाली साचतं. दुखणं जिथे कमी होतं, नेमक्या त्याच स्थितीत आपण त्याचा पुरावा शोधत होतो. आईच्या बाबतीत तो तरीही सापडला. सापडला नसता तर? मी आजही ‘मन रमव’च म्हणत असते.

हा आजार काही काल सापडलेला नाही. हॉवर्ड टेलर या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४९ साली ओटीपोटात रक्त साचण्यावर सविस्तर लिहिलं होतं. १९८४ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये दाखवलं की दुर्बिणीच्या तपासणीत काहीच कारण न सापडलेल्या अनेक बायकांच्या ओटीपोटातल्या शिरा फुगलेल्या होत्या. त्याआधी त्या बायकांना घरोघरी काय ऐकावं लागलं असेल, याचा अंदाज मला आता करता येतो. इलेन स्कॅरीने ‘द बॉडी इन पेन’ या १९८५च्या पुस्तकात म्हटलंय की ज्याला दुखतं त्याच्यासाठी दुखण्याइतकं खात्रीचं काही नसतं, आणि ऐकणाऱ्यासाठी शंका घ्यायला त्याहून सोपं काही नसतं. एकाच घरात, एकाच स्वयंपाकघरात या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी नांदू शकतात.

मग मोजायचंच नाही का? तसं नाही. फुगलेल्या शिरा असूनही काहीच न दुखणाऱ्या बायका असतात. ओटीपोट दुखण्याची इतरही बरीच कारणं असतात. नुसत्या विश्वासावर कुणाची शीर बंद करता येत नाही, त्यासाठी डॉक्टरांना आकडे लागणारच. पण कुठे आणि कसा इलाज करायचा, हा यंत्राला विचारायचा प्रश्न आहे. दुखतंय का, हा आईला विचारायचा प्रश्न होता. मी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यंत्राकडे मागत बसले. आणि यंत्राने होकार दिला म्हणून मी चांगली मुलगी ठरत नाही.

इलाजाचं अजून ठरायचंय. तोवर रिपोर्ट आईने लाइट बिलांच्या पिशवीत ठेवलाय. परवा तो काढून तिने पर्समध्ये घातला. मी विचारलं, “आज कुठे, डॉक्टरकडे?”

“नाही गं, दुकानात. मालकांना दाखवते. आता तरी बसायला एक स्टूल देतील.”