कुठली आणि कधीची

तिच्या माथ्यातून खाली एक उभं भोक पाडलेलं आहे. समोरून काढलेल्या छायाचित्रात ते दिसत नाही. दिसतो तो दागिन्यांचा भार: हातभर बांगड्या, पायांत चढत गेलेले जाडजूड तोडे, गळ्यात माळा, कमरेला बारीक मेखला. याखेरीज अंगावर जवळजवळ काहीच नाही. दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी, त्यांच्या हातात प्रसाधनाची भांडी. उंची सुमारे २५ सेंटिमीटर, म्हणजे वीतभराहून किंचित जास्त. ही हस्तिदंताची मूर्ती १९३८ साली इटलीत पाँपेईच्या उत्खननात आमेदेओ माइउरी या पुरातत्त्वज्ञाला मिळाली. ज्या घरात ती सापडली, त्याला पुढे ‘भारतीय मूर्तीचं घर’ असंच नाव पडलं.

सुरुवातीला तिला लक्ष्मी म्हटलं गेलं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. आपल्याकडे तर ते फार लवकर रुचलं. दोन हजार वर्षांपूर्वी आपली लक्ष्मी सातासमुद्रापार पोचली होती, हे ऐकून छाती फुगते, माझीही फुगली होती. पण मूर्तीकडे नीट पाहा. हातात कमळ नाही, जलाभिषेक करणारे हत्ती नाहीत. शेजारच्या दासी पूजेचं साहित्य घेऊन उभ्या नाहीत, शृंगाराचं सामान घेऊन उभ्या आहेत. आणि माथ्यातलं ते भोक! पूजेच्या मूर्तीच्या डोक्यात कोणी भोक का पाडेल? तिच्या डोक्यावर काहीतरी बसवलेलं होतं, एवढं ते भोक सांगतं. ती स्वतः आरशाची मूठ असेल, किंवा एखाद्या नक्षीदार आसनाचा पाय. आज बरेच अभ्यासक तिला यक्षी म्हणतात. मला तेच जास्त पटतं, कारण सांचीच्या तोरणांवर झाडाला रेलून उभ्या असलेल्या यक्षी पाहिल्या की घरातलं माणूस ओळखावं तशी हिची ओळख पटते.

नेपल्सच्या संग्रहालयात तिला ठेवलं आहे ते ‘गुप्त कक्षा’त, पाँपेईतल्या कामुक चित्रांच्या आणि वस्तूंच्या सोबतीला. तिथल्यांनी तिची नग्नता पाहिली, आपण तिच्यात देवी पाहिली. दोघांनीही भोक पाहण्याआधी नाव ठरवून टाकलं.

कोरीव वस्तू हातात आली की आपण दोन प्रश्न विचारतो: कुठली? कधीची? प्रश्न सोपे वाटतात, कारण एकेका शब्दाचे आहेत. पण ‘कधीची’मध्ये निदान तीन वेगळे काळ दडलेले असतात. हत्ती मेला कधी, सुळा कोरला कधी आणि कोरलेली वस्तू मातीत गेली कधी. कार्बन-१४ची परीक्षा केली तर ती पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण तो घड्याळाचा काटा जनावराच्या मृत्यूपासून फिरू लागतो. सुळा कारागिराच्या घरी कितीही वर्षं पडून राहिलेला असू शकतो. जुन्या दातावर नवं कोरीवकाम करून फसवणारेही असतात. शिवाय परीक्षेसाठी वस्तूचा तुकडा काढावा लागतो, आणि वीतभर मूर्तीचा कणही काढायला कोण सहजी धजावेल?

पाँपेईच्या मूर्तीचं भाग्य असं की तिसरा काळ तिच्या बाबतीत पक्का ठाऊक आहे. इसवी सन ७९मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला आणि सगळं शहर राखेखाली गेलं. म्हणजे मूर्ती त्याआधीची. किती आधीची, ते राख सांगत नाही. तिथून पुढे शैलीकडे वळावं लागतं. सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या दक्षिण तोरणावर एक लेख आहे: हे रूपकाम विदिशेच्या दंतकारांनी केलं. हस्तिदंतावर चालणारा हात दगडावरही चालत होता. म्हणून दगडावरच्या यक्षीच्या काळावरून दातावरच्या यक्षीचा अंदाज बांधता येतो आणि आपण इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपास येऊन थांबतो. यापेक्षा बारीक तारीख कोणी छातीठोकपणे सांगितली, तर मी त्याला पुरावा विचारेन.

‘कुठली’चा गुंता याहून मोठा. मूर्तीच्या तळाशी एक अक्षर कोरलेलं आहे, खरोष्ठी लिपीतलं. खरोष्ठी ही गांधाराची, वायव्येची लिपी. अफगाणिस्तानात बेग्रामला १९३७ आणि १९३९ साली फ्रेंच उत्खननात हस्तिदंताच्या कोरीव पट्ट्यांचा आणि मूर्तींचा प्रचंड साठा मिळाला, तेव्हा हिचं माहेरही तिकडचंच असावं असं वाटणं स्वाभाविक होतं. पण तळाचं अक्षर कोरणाऱ्याचंच असेल कशावरून? सुट्या भागांची जुळणी करणारा सुतार खूण करतो, व्यापारी माल मोजताना खूण करतो. आणि खरोष्ठी अक्षरासाठी थेट गांधारापर्यंत जायचीही गरज नाही. नाशिकच्या लेण्यांत ज्याच्या जावयाचे दानलेख आहेत, त्या क्षत्रप नहपानाच्या नाण्यांवर ग्रीक आणि ब्राह्मीच्या जोडीला खरोष्ठीही आहे. भरुच त्याच्या ताब्यातलं बंदर. त्याच शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी पुस्तिकेत भरुचहून निघणाऱ्या मालात हस्तिदंत आहे. तीच पुस्तिका सांगते की भरुचपासून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं तेर. दख्खनमध्ये कोरलेली वस्तू बैलांच्या पाठीवरून भरुचला जावी, तिथल्या मोजणाऱ्याने आपल्या लिपीत तळाशी खूण करावी आणि गलबतात चढवावी, यात अशक्य असं काय आहे?

ही नुसती कल्पना राहिली असती, पण १९७३ साली जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला उत्खनन झालं. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. इथल्या लोकांनी सांची आणि भरहुतच्या स्तूपांना दानं दिल्याचे लेख आहेत. त्या उत्खननात सातवाहन काळाच्या थरातून पाँपेईच्या मूर्तीशी नातं सांगणारी एक हस्तिदंती भग्न मूर्ती निघाली. तेरलाही तशाच घडणीची एक आहे. पाँपेईची मूर्ती दख्खनची, भोकरदनच्या परिसरातली असावी, हे मत तिथून बळावलं. मलाही ते पटतं, पण माझ्या पटण्यात मराठी मनाचा वाटा किती आणि पुराव्याचा किती, हे मी स्वतःला दर वेळी विचारतो. सारखी मूर्ती सापडली म्हणजे कारागीरही तिथलाच होता, असं होत नाही. कारागीर फिरतात, माल त्याहून जास्त फिरतो. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीला समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती मिळाली, ती काही पंचगंगेच्या काठी ओतलेली नव्हती.

भोकरदनच्या त्या मोडक्या तुकड्याचं मला जास्त अप्रूप आहे. नेपल्समध्ये काचेआड उभी असलेली मूर्ती देखणी आणि प्रसिद्ध आहे. तुकडा थरातून निघाला. त्याच्या वर काय होतं, खाली काय होतं, शेजारी कोणती खापरं आणि कोणती नाणी होती, हे लिहून ठेवलेलं आहे. तेवढ्या लिखाणामुळे नेपल्सच्या मूर्तीबद्दल बोलायला आपल्याला तोंड आहे.

आणि म्हणूनच आपल्याकडे रोज घडणारी एक गोष्ट पाहून जीव तुटतो. नांगराच्या फाळाला किंवा जेसीबीच्या दातांना काहीतरी लागतं. कोरीव दगड निघतो. भक्तीने त्याला उचलतात, विहिरीच्या पाण्याने घासून धुतात, शेंदूर फासतात आणि पारावर आणून बसवतात. भक्ती खोटी नसते, तिला मी नावं ठेवणार नाही. पण धुतल्या मातीबरोबर ‘कधीची’ वाहून जातं आणि खड्डा बुजवला की ‘कुठली’ बुजतं. तसंच ठेवून तहसीलला कळवायला आणि पुरातत्त्व खात्याचा माणूस येईपर्यंत चार दिवस ताडपत्री टाकून ठेवायला फारसा खर्च येत नाही.

आमच्या घरात एक फणी आहे. आत्याकडून आलेली, दोन्ही बाजूंनी दात, मधल्या पट्टीवर समोरासमोर दोन मोर. ‘हस्तिदंती आहे, पेशवाईतली’ असं आत्या सांगायची आणि आम्ही ती सणासुदीलाच कपाटातून काढायचो. एकदा घड्याळजीकडे असतं तसलं भिंग डोळ्याला लावून ती मी उन्हात धरली. हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक वक्र रेषांची जाळी दिसते. फणीच्या कडेवर ती कुठेच नव्हती. होते ते सुईच्या टोकाएवढे काळपट ठिपके आणि त्याच मार्गाच्या लांबट रेघा. हाडातून रक्तवाहिन्या जातात, त्यांच्या त्या वाटा. हाड होतं ते, बहुधा गुराचं. क्षणभर वाईट वाटलं. मग मोरांकडे पाहिलं. डाव्या मोराची चोच नीट उतरली आहे, उजव्याच्या चोचीशी हत्यार निसटलं आहे आणि ते झाकायला कारागिराने तिथे एक पान कोरलं आहे. डावीकडे पान नाही. इतकी वर्षं फणी हाताळून ते पान मला कधी दिसलं नव्हतं.

आत्या आता नाही. फणी परत मलमलीत गुंडाळताना एक चिठ्ठी लिहून आत ठेवली: ‘हाड. आत्याला तिच्या सासूबाईंनी दिली. त्याआधीचं माहीत नाही. उजव्या मोराच्या चोचीजवळचं पान पाहावं.’