दुसऱ्याची ठेव

ठेव कशी सांभाळावी हे वारकऱ्यांस सांगावयास नको. आषाढीला निघताना घराची किल्ली आपण शेजाऱ्याच्या हाती देतो, आणि आपण परत येईपर्यंत ती त्याच्या खुंटीला असते. त्या किल्लीवरून दुसरी घडवून विकण्याचा अधिकार त्याला नाही. मग घरात सोने असो की नुसती ज्वारीची कणगी.

आता आपल्या मोबाईलकडे पाहा. त्यात शेकडो माणसांचे नंबर असतात. व्याही, दिंडीतले विणेकरी, कोळशाच्या खाणीतले सोबती, पलीकडच्या आळीतली विधवा बहीण. ज्याने त्याने विश्वासाने दिलेले. एखादे नवे ॲप घेतले की ते विचारते, संपर्क पाहू का? आणि आपण न वाचता 'मान्य' दाबतो. बोट आपले, पण दिले गेले ते शेकडो जणांचे. त्यांना कोणी विचारले?

कन्हानच्या बाजारात यावर ठरलेले उत्तर मिळते, "आपल्यापाशी लपवाले काय हाय जी? कोनाचं चोरलं नाई." उत्तर प्रामाणिक आहे. भाविक मनुष्य आणखी म्हणतो, पांडुरंगाला सारेच ठाऊक, मग कंपनीला कळले तर काय झाले! अहो, देव जाणतो आणि गप्प राहतो. तो जाहिरातवाल्याला विकायला जात नाही. न्हाणीचे दार आपण लावतो ते काही चोरी केली म्हणून नव्हे. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्या नऊजणांत आपल्या नागपूरचे शरद बोबडेही होते.

ठेव फुटली म्हणजे काय होते ते झटपट कर्ज देणाऱ्या ॲपांनी दाखविले. कर्ज घेणार एक, आणि वसुलीचे घाणेरडे फोन त्याच्या मामाला, मास्तरांना, साहेबांना. शेवटी रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2022 मध्ये बजावले की कर्जाच्या ॲपाने ग्राहकाच्या संपर्कयादीला हात लावू नये. ज्या मामाने एक पैसाही घेतला नव्हता, त्याने शिव्या कोणाच्या 'मान्य'पायी खाल्ल्या?

दोष सगळा आपलाच असेही नव्हे. 2013 साली अमेरिकेत विजेरीच्या एका ॲपाचे प्रकरण निघाले. काम एवढेच, अंधारात उजेड पाडायचा. पण मनुष्य कोठे आहे हे ते जाहिरातवाल्यांना कळवीत असे, आणि तेही 'मान्य' की 'नको' हे त्याने ठरविण्यापूर्वीच! याला चूक म्हणवत नाही. कोणी शिकलेला मनुष्य बसून ठरवितो की 'मान्य' मोठे नि रंगीत, 'नको' बारीक नि फिकट; होकार एका बोटाचा, नकार चार पडद्यांआड. मापात मारणारा वाणी आणि हा कारागीर यांत मला तरी फारसा फरक दिसत नाही.

कायदा झाला आहे. 2023 च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यात उदाहरणच दिले आहे: डॉक्टरी सल्ल्याच्या ॲपाला संपर्कयादी लागत नाही, म्हणून तिला दिलेली संमती धरायची नाही. सूचना मराठीतही वाचता यावी आणि दिलेली संमती तितक्याच सहज परत घेता यावी, असेही त्यात आहे. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले. परंतु मनुष्य घरगुती कामापुरती जी माहिती बाळगतो, ती या कायद्याबाहेर आहे. तुमच्या खिशातल्या त्या शेकडो नंबरांची राखण कायदा करणार नाही. तेथे तुम्हीच खुंटी आणि तुम्हीच शेजारी.

तेव्हा एकादशीला सवड काढून नातवाला जवळ बसवावे. सेटिंग्जमध्ये 'परवानग्या' उघडून संपर्क कोणाकोणाला दिले आहेत ते पाहावे, आणि गरज नसेल तेथे बंद करावे. भजनाचे ॲप त्यानंतरही वाजते.