कोजागरीचं दूध आणि ग्रहणातली सुरी

२०२३ सालची कोजागरी २८ ऑक्टोबरला आली आणि त्याच रात्री खंडग्रास चंद्रग्रहणही होतं. चंद्र अश्विनी नक्षत्रात. रात्री १ वाजून ५ मिनिटांनी स्पर्श, अडीचच्या आत मोक्ष. ग्रास बिंबाच्या व्यासाच्या जेमतेम आठव्या भागाएवढा. पण चंद्रग्रहणाचे वेध तीन प्रहर आधी, म्हणजे दुपारीच लागतात. दूध आटवायचं की नाही, हा प्रश्न त्यामुळे घरोघरी पडला. जिथे सून गरोदर, तिथे तो दुधावर थांबत नाही. पुढचं बोलणं कल्पिलेलं आहे. पेच खरा आहे.

सासूबाई : दूध करू गं. नैवेद्य दाखवून चमचाभर घेऊ, बाकीचं उद्या. थोरल्याला ओवाळायचं, तेही करू. पण रात्री तू सुरी-कात्री हातात धरू नकोस.

सून : का, आई?

सासूबाई : बाळाचा ओठ फाटतो म्हणतात.

सून : ओठ जुळतो तो पहिल्या दोन महिन्यांत. मला सातवा चालू आहे.

सासूबाई : असेल. पण ज्या पंचांगाने ग्रहणाचं मिनिट बरोबर सांगितलं, त्यातलं फळच तेवढं खोटं?

सून : मिनिट गणितातून येतं. ते चुकलं तर चंद्रच चूक दाखवून देतो. फळ चुकलं तर कोण दाखवणार? बाळ धडधाकट झालं तर ‘पाळलं म्हणून’, नाही झालं तर ‘पाळलं नसेल’.

सासूबाई : मग चांदण्यातून दुधात अमृत उतरतं, हे तरी कुणी मोजलंय? ते तू हौसेने मानतेस. गोड तेवढं ठेवायचं आणि कडू टाकायचं?

सून : गोड-कडूचं नाही म्हणत मी. समजूत खोटी निघाली तर भुर्दंड कुणाला, ते बघते. अमृत नाही उतरलं तरी केशर-वेलदोड्याचं दूध गोडच लागतं, चार माणसं गच्चीवर एकत्र जागतात. ग्रहणाच्या समजुतीचा भुर्दंड मात्र एकट्या आईला. तुमच्या जाऊबाईंचं तुम्हीच सांगितलंत.

सासूबाई : हो. लेकाचा ओठ टाके घालून नीट झाला, तो शिकला, संसाराला लागला. पण ‘ग्रहणात विळीवर बसली होतीस’ हे ती अजून ऐकते. ... तरी माझं काय? तुला सांगितलं नाही आणि काही झालं, तर मला झोप लागायची नाही.

सून : तुमच्या जिवासाठी एक रात्र पाळणं मला जड नाही. पण मी मुकाट पाळलं, की न पाळणारीला बोल लावायला आणखी एक दाखला होतो. ते जड आहे.

सासूबाई : मग शब्द देते. नातवंड कसंही होवो, या घरात ग्रहणाचं नाव निघणार नाही. बाहेरच्या कुणी काढलं तर मी त्याला गप्प करीन.

सून : आणि सुरी?

सासूबाई : ते तुझं तू ठरव. मला भीती वाटेल. ती माझी मी सांभाळीन.